नवापूरचा किनारा संध्याकाळी आरशासारखा का दिसतो, आणि त्याच किनाऱ्यासाठी मच्छीमार हरित लवादात का गेले?

बोईसर स्टेशनला उतरायचं, नवापूर नाक्यावरून रिक्षा पकडायची आणि समुद्राकडे निघायचं. दहा किलोमीटरच्या आतच कारखाने मागे पडतात, भातखाचरं लागतात, मग ताडाची झाडं, खाडी, सुरूचं बन आणि शेवटी समुद्र.

पालघर तालुक्यातलं नवापूर हे गाव ते हेच. नंदुरबारचं नवापूर वेगळं.

इथले व्हिडिओ पाहिले असतील तर एक गोष्ट लक्षात आली असेल. काही रील्समध्ये ओल्या वाळूवर अख्खं आकाश उतरलेलं दिसतं. पण ते पाहून कोणी पुढच्या आठवड्यात तिथे पोचलं, तर पाणी थेट सुरूच्या झाडांच्या जवळ आलेलं असतं आणि तो आरसा कुठेच सापडत नाही.

दुसरीकडे बातम्या शोधल्या तर नवापूरचं नाव वेगळ्याच कारणाने येतं. रासायनिक सांडपाणी, मेलेले मासे, हरित लवाद.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. ज्या भौगोलिक रचनेमुळे हा किनारा देखणा झाला, तिच्यामुळेच इथे सोडलेली घाण सहजासहजी निघून जात नाही. ते कसं, हे समजून घेऊ.

आधी आरशाचं गणित

कोकणात दक्षिणेला गेलात तर भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास. मुंबईत उधाणाच्या दिवशी साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. आणखी वर खंबातच्या आखातात, भावनगरजवळ, तो दहा मीटरच्याही पुढे जातो.

याचं कारण म्हणजे खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. भरतीचं पाणी रुंद तोंडातून आत शिरतं आणि पुढे जागा कमी होत गेली की वर चढतं. त्यातच इथला समुद्र किनाऱ्यापासून खूप लांबपर्यंत उथळ आहे. पालघरचा किनारा मुंबई आणि खंबात यांच्या मधोमध येतो, त्यामुळे इथे पाणी बरंच वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं.

आता किनाऱ्याचा उतार पाहा. तो इतका सपाट आहे की पाणी थोडं उतरलं तरी मैदानभर वाळू उघडी पडते. या ओल्या, बारीक वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात आकाश दिसतं. रीलमधला आरसा तो हाच.

पण हा आरसा रोज संध्याकाळी मिळत नाही.

तिथी पाहून जा

किनाऱ्यावरच्या लोकांकडे भरतीचा एक जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती.

म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे भरती. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी.

सूर्यास्तही तेव्हाच असतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतंही. म्हणून या दोन दिवशी आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस संध्याकाळी किनारा लांबच लांब उघडा पडतो.

अष्टमीच्या आसपास नेमकं उलटं. तेव्हा भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी असते आणि सूर्यास्ताला भरती असते. आरसा हवा असेल तर शनिवार-रविवारच्या आधी कॅलेंडरवर तिथी पाहिलेली बरी.

हा हिशोब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच मिळते. आणखी एक काळजी घ्यावी लागते. सपाट किनाऱ्यावर पाणी जितक्या लवकर लांब जातं, तितक्याच लवकर परत येतं. ओहोटीला वाळूवर उतरवलेली गाडी रुतली, तर भरती तिची वाट पाहत नाही.

वाळू काळी का आणि पाणी गढूळ का?

इथे पहिल्यांदा येणाऱ्याचा हमखास प्रश्न असतो, वाळू इतकी काळपट का? लगेच शंका येते ती कारखान्यांची.

वाळूच्या काळपट रंगाचा कारखान्यांशी संबंध नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. त्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा भुगा नद्यांनी आणि लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकला. ओहोटीला जागोजागी जे काळे खडक उघडे पडतात, तेही याच कातळाचे.

पाण्याचंही तसंच. नर्मदा आणि तापी खंबातच्या आखाताच्या बाजूला प्रचंड गाळ आणतात. त्यात स्थानिक खाड्यांच्या गाळाची भर पडते. भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असल्याने हा गाळ तळाशी बसत नाही, सतत ढवळला जातो. त्यामुळे मालवणसारखं निळंशार पाणी इथे अपेक्षित धरू नये. नवापूरचा समुद्र मातकट दिसतो, तो त्याचा मूळ रंग आहे.

या गाळाने मासेमारीचं नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. उथळ, गाळमिश्रित, अन्नाने भरलेलं पाणी पापलेट, बोंबील, कोळंबी यांना मानवतं. नवापूरच्या दक्षिणेला असलेलं सातपाटी पापलेटसाठी राज्यभर ओळखलं जातं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, त्या मागणीमागे सातपाटीचे मच्छीमार होते.

खाडी: फोटोत न येणारा सगळ्यात महत्त्वाचा भाग

नवापूर आणि उत्तरेकडच्या उच्छेळी-दांडी या गावांच्या मधे खाडी आहे. पर्यटक बहुतेक वेळा पुलावरून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. गावाचं पोट मात्र बरंच या खाडीवर अवलंबून राहिलेलं आहे.

भरतीला समुद्राचं पाणी खाडीतून आत चढतं, ओहोटीला उतरतं. काठावर तिवरांची झाडं आहेत. त्यांची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यायला वर यावं लागतं. या मुळांच्या जाळीत माशांची आणि कोळंबीची पिल्लं लहानाची मोठी होतात. मोठा मासा तिथे शिरू शकत नाही आणि लाटांचा मारही लागत नाही.

ओहोटीला चिखल उघडा पडला की निवटे उड्या मारताना दिसतात. चिंबोऱ्या, शिवल्या, कालवं मिळतात. होडी नाही, मोठं जाळं नाही, अशा घरातल्या बायकांना रोजचं कालवण आणि चार पैसे देणारी ही जागा. हिवाळ्यात याच चिखलावर तुतवार आणि कुरव यांचे थवे उतरतात.

इतिहासातही या खाड्यांना मोल होतं. गलबतं भरतीला आत यायची आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायची. म्हणून पोर्तुगीजांनी या पट्ट्यात तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम अशी किल्ल्यांची रांग ठेवली होती. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांच्या फौजांनी ही ठाणी एकेक करून घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

मग इथे कारखाने कसे आले?

इथेही भूगोलच कामाला आला. मुंबई जवळ, गुजरात जवळ, पश्चिम रेल्वे दाराशी, मोकळी जमीन आणि समोर समुद्र.

नवापूरच्या उत्तरेला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहिलं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाल्या. अणुभट्टी थंड ठेवायला प्रचंड पाणी लागतं आणि ते समुद्रातून मिळत होतं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन किनारी गावं उठवली गेली. आज नवापूरच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडचा फोटो काढताना प्रकल्पाच्या परिसरात फोटो आणि ड्रोनला मनाई आहे, हे लक्षात ठेवावं.

बोईसरच्या बाजूला तारापूर एमआयडीसी वाढली. रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद तयार करणारे शेकडो कारखाने आले. हजारो लोकांना रोजगार मिळाला, आणि त्यात आसपासच्या गावांतली मुलंही आहेत. बोईसर गावाचं शहर झालं ते याच कारखान्यांमुळे.

पण कारखान्यांना पाणी लागतं तसं वापरलेलं पाणी कुठेतरी सोडावंही लागतं. ते सोडण्यासाठी वाहिनी टाकण्यात आली, तिचं तोंड होतं नवापूरच्या समुद्रात.

सपाट किनारा इथे उलटा पडला

आता पहिल्या भागातला आरसा पुन्हा आठवा.

किनारा सपाट आणि समुद्र लांबवर उथळ. खोल समुद्रात सांडपाणी सोडलं तर ते भरपूर पाण्यात मिसळून विरळ होतं. उथळ समुद्रात किनाऱ्याच्या जवळ सोडलं तर ओहोटीच्या वेळी तिथे मिसळायला पुरेसं पाणीच नसतं.

त्यानंतर भरती येते. बाहेर गेलेलं पाणी ती मागे ढकलते, किनाऱ्यावर आणि खाडीच्या तोंडातून आत. सहा तासांनी ते पुन्हा बाहेर, पुन्हा सहा तासांनी आत. दिवसातून दोनदा. खाडीतलं पाणी पूर्ण बदलायला त्यामुळे वेळ लागतो, आणि गाळाचे बारीक कण रसायनं धरून ठेवतात. जिथे माशांची पिल्लं वाढतात, त्याच चिखलात ती साठतात.

सांडपाण्यावर प्रक्रियाच होत नव्हती, असं नाही. दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेचं सामुदायिक प्रक्रिया केंद्र इथे होतं. पण येणारं पाणी क्षमतेपेक्षा जास्त होतं आणि प्रक्रिया होऊनही ठरलेले निकष पाळले जात नाहीत, या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. मधेच वाहिनी गळणं, चेंबरमधून पाणी नाल्यात जाणं, हेही होत राहिलं.

२०१८ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ आला. हवा, पाणी आणि जमीन मिळून काढलेल्या या यादीत देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वात वर होतं.

लवादात काय झालं?

या भागातल्या मच्छीमारांत मांगेला समाज मोठा आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. म्हणणं सरळ होतं. औद्योगिक सांडपाण्यामुळे खाडी आणि किनारा खराब झाला, मासे कमी झाले, पोट भरायचं साधन गेलं.

लवादाने तज्ज्ञांची समिती नेमून नुकसानीचा हिशोब मागवला. जानेवारी २०२२ मध्ये निकाल देताना नियम मोडणारे कारखाने आणि सामुदायिक प्रक्रिया केंद्र यांच्यावर कोट्यवधी रुपयांच्या पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची, हे तत्त्व त्यामागे होतं.

दुसऱ्या बाजूने तांत्रिक उपायही पुढे आले. दिवसाला पाच कोटी लिटर क्षमतेचं नवं प्रक्रिया केंद्र आणि सांडपाणी समुद्रात काही किलोमीटर आत नेणारी लांब वाहिनी. तर्क समजण्यासारखा आहे. तोंड जितकं आत, तितकं पाणी खोल आणि ते भरतीबरोबर किनाऱ्यावर परतण्याची शक्यता कमी.

मच्छीमारांची शंकाही समजण्यासारखी आहे. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत त्यांचीच जाळी असतात. पाणी नीट शुद्ध न करता फक्त लांब नेलं, तर त्रास खाडीतून उचलून मासेमारीच्या पट्ट्यात ठेवल्यासारखं होईल. म्हणून वाहिनी किती लांब यापेक्षा तिच्यात शिरणारं पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न मोठा आहे.

काय प्रदूषण आणि काय नाही, हे कसं ओळखायचं?

सोशल मीडियावर या किनाऱ्याचे व्हिडिओ दोन टोकांचे असतात. एकात सगळं स्वर्गासारखं, दुसऱ्यात सगळं विषारी. प्रत्यक्ष जाऊन पाहताना काही गोष्टी वेगळ्या करता येतात.

काळी वाळू: नैसर्गिक, कातळाची.

मातकट पाणी: नैसर्गिक, गाळाचं. पावसाळ्यात आणखी गढूळ.

पायाला चिकटणारे डांबराचे गोळे: समुद्रातल्या तेलाचे. पावसाळ्याच्या आगेमागे ते पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी लागतात, त्यांचा संबंध एमआयडीसीशी जोडण्याचं कारण नाही.

थोडा फेस: लाटांमध्ये नैसर्गिकरीत्याही होतो.

पण खाडीच्या किंवा नाल्याच्या पाण्याला लाल, हिरवा, जांभळा असा अनोळखी रंग, रसायनाचा उग्र वास, एकाच वेळी पसरलेले मेलेले मासे किंवा चेंबरमधून वर येणारं पाणी दिसलं, तर ते नैसर्गिक समजू नये. अशा वेळी व्हिडिओसोबत तारीख, वेळ, जागा आणि भरती होती की ओहोटी, हे लिहिलं तर त्याचा उपयोग होतो. पाणी ओहोटीबरोबर बाहेर जात होतं की भरतीबरोबर आत येत होतं, यावरून ते आलं कुठून याचा माग लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची तारापूरसाठी कार्यालयं आहेत, तक्रार तिथे देता येते.

समुद्राला पाठ केली तर?

नवापूरची गंमत अशी की किनाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर पूर्वेला डोंगर दिसतात. समुद्र, खाडी, भातशेती, जंगल आणि डोंगर, हे सगळं एका दिवसाच्या अंतरात बसतं.

पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड आहे. तिथे वाघोबाचं देऊळ आहे. वारली आणि इतर आदिवासी समाज वाघाला देव मानतात आणि आजही इथे नारळ ठेवून पुढे जाणारे लोक दिसतात. या खिंडीतून काळदुर्गाची वाट निघते. माथ्यावर मोठा चौकोनी कातळ आहे आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते.

आणखी पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळ आशेरीगड आहे. उंची पाचशे मीटरच्या आसपास. माथ्यावर पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड आहे. किनाऱ्यावर राज्य करणाऱ्यांनाही हा डोंगर का हवा होता, हे वर गेल्यावर कळतं. खालचं सूर्या नदीचं खोरं आणि किनाऱ्याकडे जाणारा सगळा पट्टा इथून नजरेत येतो.

किनाऱ्याने दक्षिणेला गेलात तर शिरगावचा किल्ला आणि त्यातला फांद्या फुटलेला ताड पाहता येतो. ताडाला एरवी फांद्या नसतात, त्यामुळे हे झाड पाहायला लोक मुद्दाम येतात. त्याच्या पुढे केळव्याचं सुरूचं बन आणि शीतलादेवीचं देऊळ. सुरू हे झाड मूळचं इथलं नाही, वारा आणि वाळू अडवण्यासाठी ते लावलं गेलं. आज ते नसलेला पालघरचा किनारा डोळ्यांसमोर येत नाही.

डोंगरांसाठी पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने चांगले. किनाऱ्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला असतो. तेव्हा पाण्यात उतरू नये.

पुढे काय?

या पट्ट्याचं चित्र येत्या काही वर्षांत आणखी बदलणार आहे. उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण इथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. दक्षिणेला मुरबे इथेही बंदराचा प्रस्ताव आहे. रोजगार वाढेल म्हणून काही जण स्वागत करतात. मासेमारीची जागा जाईल आणि किनाऱ्याची धूप वाढेल म्हणून मच्छीमारांचा विरोध आहे. सातपाटीसारख्या गावांनी धूप आधीच पाहिली आहे, तिथे लाटा अडवायला दगडी बंधारे घालावे लागले.

या चर्चेत नवापूरचा अनुभव कामाचा आहे. इथे सांडपाण्याची वाहिनी टाकताना समुद्र मोठा आहे, सगळं सामावून घेईल, असं धरलं गेलं. पण हा समुद्र उथळ आहे आणि बाहेर टाकलेलं तो दिवसातून दोनदा परत आणतो. ते गावातल्या कालवं वेचणाऱ्या बाईला माहीत होतं. नकाशा आखताना तिला विचारलं गेलं असतं, तर लवादापर्यंत जायची वेळ कदाचित आली नसती.

पुढच्या पौर्णिमेला नवापूरला गेलात तर संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोचा, फोटो काढा. त्याआधी तासभर खाडीच्या पुलावर थांबा. ओहोटीचं पाणी कोणत्या रंगाचं उतरतंय आणि चिखलात निवटे उड्या मारतायत का, तेवढं बघा.